कॅमशाफ्टचं टायमिंग: खुणा जुळवून न थांबता डिग्री व्हीलने कसं लावायचं

परफॉर्मन्स इंजिन बांधताना सगळ्यात जास्त पैसा पिस्टन, रॉड आणि हेडच्या पोर्टिंगवर जातो आणि सगळ्यात कमी वेळ कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा) बसवण्यावर. पुलीवरची खूण हेडच्या खुणेसमोर आणली, क्रँकची (पिस्टन जोडलेल्या मुख्य दांड्याची) खूण ब्लॉकवरच्या बाणासमोर आणली, बेल्ट चढवला, झालं. रोजच्या वापराच्या गाडीला एवढं पुरतं. कंपनीने प्रत्येक भागाच्या मापातला थोडाफार फरक गृहीत धरलेला असतो आणि दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण हेड घासलेलं असेल, कॅम बाहेरून ग्राइंड करून आणलेला असेल आणि कॉम्प्रेशन वाढवलेलं असेल, तर खुणा जुळल्या याचा अर्थ एवढाच की दात चुकलेला नाही. व्हॉल्व्ह नेमका कधी उघडतो आणि कधी मिटतो, ते मोजावंच लागतं. या मोजणीलाच कॅम डिग्री करणं म्हणतात. काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही.

कुठल्या घटनेवर सगळं ठरतं

क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, कॅम एकदा फिरतो. तेवढ्यात प्रत्येक सिलिंडरमध्ये व्हॉल्व्हच्या चार घटना घडतात: इनटेक (मिश्रण आत घेणारा) उघडतो, इनटेक मिटतो, एक्झॉस्ट (जळालेला वायू बाहेर सोडणारा) उघडतो, एक्झॉस्ट मिटतो. चारही महत्त्वाच्या आहेत, पण एकच मोजायची मुभा असेल तर मी इनटेक मिटण्याची वेळ मोजेन.

पिस्टन तळाला पोहोचून वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह बराच वेळ उघडा असतो. जास्त आरपीएमला पोर्टमधून वेगाने येणाऱ्या हवेला स्वतःचा रेटा असतो. पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते आणि सिलिंडर अधिक भरतो. कमी आरपीएमला तो रेटा नसतो, त्यामुळे आत आलेलं मिश्रण परत पोर्टमध्ये ढकललं जातं. म्हणून व्हॉल्व्ह लवकर मिटला की खालचा टॉर्क मिळतो, उशिरा मिटला की वरची पॉवर. परफॉर्मन्स कॅम निवडतानाच ही देवाणघेवाण ठरलेली असते. टायमिंग चुकलं की ती आपल्या नकळत बदलते.

किती बदलते, ते आकड्यात पाहू. ८६ मिमी स्ट्रोक, १४३ मिमी रॉड आणि ११:१ कॉम्प्रेशन असलेलं इंजिन घ्या. कॉम्प्रेशन खऱ्या अर्थाने इनटेक मिटल्यावरच सुरू होतं. व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टनच्या सगळ्यात खालच्या बिंदूनंतर) ६० अंशांवर मिटला, तर पिस्टनचा वरचा प्रवास साधारण ६९.४ मिमी उरतो आणि प्रत्यक्ष कॉम्प्रेशन होतं सुमारे ९.१:१. तोच कॅम चार अंश मागे, म्हणजे उशिरा चालेल असा, बसला, तर ८.८. आठ अंश मागे बसला, तर ८.५. म्हणजे महागडे पिस्टन घालून कमावलेलं कॉम्प्रेशन पुलीवरच्या एवढ्याशा फरकात हातचं जातं. उलट बाजूही लक्षात ठेवा. कॅम ठरवल्यापेक्षा पुढे बसला तर प्रत्यक्ष कॉम्प्रेशन वाढतं आणि काठावर बांधलेलं इंजिन नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून ठोके) करायला लागतं.

खुणा कुठे फसवतात

कॅम आणि क्रँक यांच्यामध्ये बऱ्याच गोष्टी असतात: क्रँकचा की-वे, त्यावरची पुली किंवा स्प्रॉकेट, चेन किंवा बेल्ट, कॅमची पुली, तिची डॉवेल पिन आणि त्या पिनच्या हिशेबाने ग्राइंड केलेले लोब, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे. प्रत्येकात अर्धा-पाऊण अंश चूक असली आणि सगळ्या एकाच बाजूला पडल्या, तर बेरीज सहज तीन-चार अंशांवर जाते.

ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेड घासण्याचा हिशेब वेगळा धरावा लागतो. हेड किंवा डेक (ब्लॉकचा वरचा सपाट भाग) घासला की कॅम क्रँकच्या जवळ येतो. बेल्टची ताणलेली बाजू तेवढी आखूड होते. आलेला ढिलेपणा टेन्शनर दुसऱ्या बाजूने खेचून घेतो, त्यामुळे बेल्ट घट्ट वाटतो, पण कॅम मागे सरकलेला असतो. १२० मिमी व्यासाच्या कॅम पुलीवर अर्धा मिमी घासल्याने कॅम सुमारे अर्धा अंश मागे जातो, म्हणजे क्रँकच्या हिशेबात जवळपास एक अंश. गॅस्केटही पातळ लावली असेल तर तिचा फरक याच दिशेने जोडला जातो. चेन वापरून लांबली की तिचाही परिणाम कॅम मागे पडण्यातच होतो. ढोबळ चुका बहुतेक याच दिशेने का सापडतात, ते यावरून कळेल.

पूर्ण एक दात चुकणं हा वेगळाच मामला आहे. ४० दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे कॅमचे ९ आणि क्रँकचे १८ अंश. इंजिन सुरू होईल, पण दम नसेल. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला भेटेल.

हाताशी काय हवं

डिग्री व्हील (अंशांच्या खुणा असलेली तबकडी), मॅग्नेटिक बेसची डायल गेज, पिस्टन स्टॉप (पिस्टनला वाटेत अडवणारा भाग), पॉइंटरसाठी जाड कडक तार, क्रँक फिरवायला लांब दांड्याचा पाना आणि व्हॉल्व्ह तपासायच्या हलक्या स्प्रिंगा. डिग्री व्हील मोठंच घ्या. २८ सेंमी व्यासाच्या व्हीलवर एक अंश जवळपास अडीच मिमीचा असतो, १८ सेंमीच्या व्हीलवर जेमतेम दीड मिमीचा. पॉइंटरचं टोक घासून अणकुचीदार करा आणि व्हीलला जवळजवळ टेकेल इतकं जवळ आणा, नाहीतर डोकं हललं की वाचन बदलतं.

टॅपेट म्हणजे लोबवर चालून व्हॉल्व्हला ढकलणारा दट्ट्या. ते हायड्रॉलिक असतील, तर मोजणीपुरते त्या जागी सॉलिड टॅपेट घाला. हायड्रॉलिक टॅपेट स्प्रिंगच्या दाबाखाली दबतो आणि गेजवर लिफ्ट (तो किती उचलला जातो) कमी दिसते. सगळे स्पार्क प्लग काढून ठेवा, म्हणजे क्रँक हलक्या हाताने फिरेल. स्टार्टरने फिरवायचा विचारही करू नका, पिस्टन स्टॉप आत असताना तर अजिबातच नाही.

पहिलं काम: खरा टीडीसी

टीडीसी म्हणजे पिस्टनचा सगळ्यात वरचा बिंदू. बाकी सगळी मोजणी यावर उभी आहे. इथे दोन अंश चुकलात तर पुढचं प्रत्येक वाचन दोन अंशांनी चुकणार आणि तरीही सगळं नीटनेटकं दिसणार.

डायल गेज पिस्टनवर ठेवून सगळ्यात वरचा बिंदू शोधणं पुरेसं वाटतं, पण झोका टोकाला जाऊन थबकतो तसा पिस्टन वर पोहोचून थबकतो. वरच्या इंजिनातच पाहा: टीडीसीपासून क्रँक तीन अंश फिरला तरी पिस्टन ०.०८ मिमीसुद्धा खाली येत नाही. एवढ्याशा हालचालीवरून टीडीसी पकडता येत नाही. म्हणून पिस्टन वेगाने चालत असतो तिथे दोन्ही बाजूंनी अडवायचा आणि मधला बिंदू काढायचा.

१. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अंदाजाने वर आणा. व्हील क्रँकला घट्ट बसवा आणि पॉइंटर शून्यावर ठेवा.

२. पिस्टन थोडा खाली न्या आणि स्टॉप लावा. हेड उतरवलेलं असेल तर डेकवर बोल्टने बसणारी पट्टी, हेड चढवलेलं असेल तर प्लगच्या भोकात बसणारा स्टॉप. प्लगमधला स्टॉप उघड्या व्हॉल्व्हला अडत नाही ना, ते आधी पाहा.

३. क्रँक हळू फिरवून पिस्टन स्टॉपला टेकवा आणि वाचन लिहा. मग उलट बाजूने फिरवून पुन्हा टेकवा आणि दुसरं वाचन लिहा.

४. एका बाजूला ३४ आणि दुसऱ्या बाजूला २८ आले, तर दोन्हीकडे ३१ यायला हवेत. व्हील किंवा पॉइंटर तीन अंश सरकवा आणि दोन्ही बाजू पुन्हा तपासा.

दोन्ही वाचनं सारखी आली की स्टॉप काढा. इथून पुढे व्हीलला धक्का लागू देऊ नका. क्रँक फिरवताना पाना व्हीलच्या बोल्टवर लावला आणि बोल्ट किंचित सैल झाला, की सगळं मुसळ केरात. क्रँकला दुसरीकडून पकड मिळत असेल तर तिथूनच फिरवा.

डायल गेज कशी बसवायची

गेजची दांडी व्हॉल्व्ह किंवा टॅपेट ज्या रेषेत हलतो त्याच रेषेत हवी, समोरून आणि बाजूने दोन्हीकडून पाहून. पंधरा अंश तिरकी राहिली तर वाचनात साडेतीन टक्क्यांच्या आसपास चूक येते. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) असलेल्या इंजिनात शक्यतो टॅपेटवर मोजा. मधल्या रॉकरचं गुणोत्तर आणि लवचिकपणा हिशेबात आणायची गरज उरत नाही.

टॅपेट लोबच्या गोल भागावर असताना गेज शून्य करा. मग क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवून सुई शून्यावर परत येते का पाहा. येत नसेल तर बेस हलतोय किंवा दांडी अडकतेय. हे ठीक होईपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही.

कॅम कार्ड वाचणं

चांगल्या कॅमसोबत कार्ड येतं. त्यावर आधी पाहायची गोष्ट म्हणजे मोजणी किती लिफ्टवर केली आहे. बऱ्याच कॅमचे आकडे ०.०५० इंच म्हणजे १.२७ मिमी लिफ्टवर दिलेले असतात, काहींचे १ मिमीवर. लोब सुरुवातीला इतका हळू चढतो की पहिल्या एक-दोन दशांश मिमीला कितीतरी अंश जातात. तिथे मोजून कुणाचंच वाचन कुणाशी जुळणार नाही. मोठ्या अक्षरात छापलेलं 'ॲडव्हर्टाइज्ड ड्युरेशन' (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो त्याचा जाहिरातीतला आकडा) मोजणीच्या कामाचं नसतं. कार्डावरचे आकडे टॅपेटचे आहेत की व्हॉल्व्हचे आणि त्यात टॅपेट क्लिअरन्स (टॅपेटजवळ सोडलेली बारीक फट) धरला आहे का, तेही पाहून घ्या.

समजा कार्डावर १.२७ मिमी लिफ्टला असं लिहिलंय: इनटेक टीडीसीआधी १२ अंशांवर उघडतो आणि बीडीसीनंतर ४४ वर मिटतो, एक्झॉस्ट बीडीसीआधी ४८ वर उघडतो आणि टीडीसीनंतर ८ वर मिटतो. इनटेकचं ड्युरेशन १२ + १८० + ४४, म्हणजे २३६. त्याचा निम्मा ११८, त्यातून १२ वजा केले की १०६. ही इनटेकची सेंटरलाइन, म्हणजे लोबचा मध्य, टीडीसीनंतर १०६ अंश. एक्झॉस्टचं ड्युरेशनही २३६, सेंटरलाइन ११८ वजा ८, म्हणजे टीडीसीआधी ११०. दोन्हींची सरासरी १०८, हे दोन लोबमधलं अंतर, कॅमच्या अंशांत. इनटेकची सेंटरलाइन त्यापेक्षा २ कमी आहे, म्हणजे हा कॅम २ अंश ॲडव्हान्स (पुढे) ठेवून ग्राइंड केलेला आहे. काही कॅममध्ये हा ॲडव्हान्स ४ अंश असतो. लोबमधलं अंतर आणि सेंटरलाइन यांची गल्लत झाली की लोक असाच आधीपासून पुढे असलेला कॅम आणखी पुढे नेतात.

मोजणी

क्रँक नेहमी इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवा. बहुतेक इंजिनं समोरून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरतात, पण होंडाची बी आणि डी सीरिज उलटी फिरते. वाचनाच्या बिंदूपुढे निघून गेलात तर तिथल्या तिथे मागे येऊ नका. पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे या, म्हणजे चेनमधला वाव त्याच बाजूला बसेल.

इनटेकची गेज १.२७ मिमी दाखवेल तिथे व्हीलवरचा अंश लिहा. फिरवत राहा. सुई सर्वोच्च लिफ्टपर्यंत जाऊन परत उतरेल. उतरताना १.२७ मिमी उरली की पुन्हा लिहा. हीच दोन वाचनं कार्डाशी ताडायची.

समजा उघडणं ८ वर आणि मिटणं ४८ वर आलं. बेरीज अजूनही २३६, म्हणजे लोब बरोबर आहे आणि गेजही बरोबर आहे. सेंटरलाइन मात्र ११८ वजा ८, म्हणजे ११० आली. कॅम ४ अंश मागे बसलाय. बेरीजच २३६ न येता २३१ आली, तर पुलीला हात लावू नका. आधी गेजचा कोन आणि शून्य तपासा. तरी तेवढीच आली तर कॅम चुकीचा ग्राइंड झालाय किंवा कार्ड दुसऱ्याच कॅमचं आहे. तो परत पाठवायचा.

दुसरी पद्धत सर्वोच्च लिफ्टवरून जाते. गेज सर्वोच्च लिफ्टवर शून्य करायची, लिफ्ट तिथून १.२७ मिमी कमी असते तिथलं चढतानाचं आणि उतरतानाचं वाचन घ्यायचं आणि सरासरी काढायची. ८४ आणि १३६ आले, तर सेंटरलाइन ११०. ही झटपट होते, पण चढणारी आणि उतरणारी बाजू वेगळ्या आकाराची असेल तर फसवते. हल्लीचे बरेच लोब तसेच असतात, म्हणून मी या पद्धतीवर अंतिम निर्णय सोडत नाही.

सगळं वाचन तीनदा घ्या. अर्ध्या अंशात जुळलं तर विश्वास ठेवा. एक्झॉस्टही याच पद्धतीने मोजा. एकच कॅम असलेल्या इंजिनात लोबमधलं अंतर पुलीने बदलता येत नाही, त्यामुळे ते कार्डापेक्षा वेगळं आलं तर दोष ग्राइंडिंगचा.

दुरुस्ती

कॅम पुढे न्यायचा म्हणजे क्रँक स्थिर ठेवून कॅम त्याच्या फिरण्याच्या दिशेने वळवायचा. इथे अंश कुणाचे, हे पक्कं ठेवा. क्रँकचे ४ अंश हवेत तर कॅम २ अंशच वळवायचा. ॲडजस्टेबल पुलीवरच्या रेघा काही बनावटींत कॅमच्या असतात, काहींत क्रँकच्या. छापील रेघेवर न जाता बदल करा आणि डिग्री व्हीलवर पुन्हा मोजा. पुशरॉड इंजिनात (कॅम ब्लॉकमध्ये असतो त्या) अनेक की-वे असलेलं क्रँक स्प्रॉकेट, ऑफसेट की किंवा डॉवेलचं ऑफसेट बुश यातलं एक वापरावं लागतं.

बदल झाला की पुलीचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळा आणि थ्रेड लॉकर लावा. हे बोल्ट सरकले तर टायमिंग चालत्या इंजिनात बदलेल.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा

हे पाऊल गाळलं की इंजिन जातं. कॅम पुढे नेला की इनटेक लवकर उघडतो आणि खाली निघालेल्या पिस्टनच्या जवळ येतो. मागे नेला की एक्झॉस्ट उशिरा मिटतो आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो. अंतर सगळ्यात कमी होतं ते साधारणपणे एक्झॉस्टला टीडीसीआधी १० अंशांच्या आसपास आणि इनटेकला टीडीसीनंतर तेवढ्याच अंशांवर. म्हणून ऐन टीडीसीवर मोजून समाधान मानू नका.

हेड त्याच गॅस्केटसह आवळलेलं असू द्या आणि व्हॉल्व्हला हलक्या स्प्रिंगा लावा. टीडीसीआधी २० पासून टीडीसीनंतर २० पर्यंत दोन-दोन अंशांनी क्रँक पुढे न्या. प्रत्येक ठिकाणी बोटाने व्हॉल्व्ह पिस्टनला टेकेपर्यंत दाबा आणि गेजवर किती खाली गेला ते लिहा. स्टीलच्या रॉडसाठी सर्वसाधारणपणे पाळला जाणारा किमान आकडा इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी. ॲल्युमिनियमचे रॉड जास्त ताणले जातात, त्यांना याहून अधिक जागा द्या. पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून फेरा मारायची जुनी रीत आहे. व्हॉल्व्हची कड आणि पिस्टनच्या खाचेची कड यांतली बाजूची जागा पाहायला ती अजूनही उत्तम, पण किमान अंतर कुठल्या अंशाला आहे ते मातीवरून कळत नाही.

दोन कॅम, फेजर आणि टर्बो

डीओएचसी (हेडवर दोन कॅम असलेल्या) इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट वेगवेगळे हलवता येतात. सोय मोठी, पण इनटेक पुढे आणि एक्झॉस्ट मागे नेला की ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) वाढतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांच्या जवळ येतात. तेव्हा पिस्टनबरोबर व्हॉल्व्ह-व्हॉल्व्हमधलं अंतरही मोजायचं. व्ही इंजिनात दोन्ही बँका स्वतंत्र डिग्री करा.

फेजर (चालत्या इंजिनात कॅम पुढे-मागे करणारा भाग) असलेल्या इंजिनात तो लॉक पिनवर बसलेला असतानाच मोजा. इनटेकचा फेजर बहुधा पूर्ण मागे लॉक होतो, एक्झॉस्टचा पूर्ण पुढे. पिस्टनपासूनची जागा मात्र फेजरच्या दोन्ही टोकांना तपासावी लागते, कारण ईसीयू (इंजिनचा संगणक) त्याला कुठेही नेऊ शकतो.

टर्बोमध्ये, विशेषतः लहान टर्बाइन असेल तर, एक्झॉस्टमधला दाब इनटेकपेक्षा जास्त असतो. ओव्हरलॅप वाढवला की जळालेला वायू परत सिलिंडरमध्ये येतो. तिथे दोन्ही सेंटरलाइन लांब ठेवूनच सुरुवात करावी.

डायनोवर

कार्डाचा आकडा हा सुरुवातीचा बिंदू; पुढचं डायनोवर, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर ठरतं. एक्झॉस्ट पाइपची लांबी, इनटेक रनर, पोर्ट यांवरून त्याच कॅमला एखाद्या इंजिनात दोन अंश पुढे आवडतं, दुसऱ्यात मागे. एका वेळी एकच कॅम, दोन अंशांच्या टप्प्याने हलवा. तेल आणि पाण्याचं तापमान प्रत्येक रनला सारखं ठेवा. पीक पॉवरचा आकडा पाहू नका. इंजिन ज्या आरपीएममध्ये खरोखर चालणार आहे त्या पट्ट्यातली टॉर्कची रेघ पाहा. दोन्ही दिशांना टॉर्क घसरायला लागला की थांबा. पुढे जाताना टॉर्क वाढतोच आहे म्हणून हलवत राहिलात, तर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधल्या जागेच्या लिहून ठेवलेल्या नोंदी आधी उघडून पाहा.

डिस्ट्रिब्युटर कॅमवरून फिरत असेल, तर कॅम चार अंश पुढे नेल्यावर इग्निशनही क्रँकच्या चार अंशांनी पुढे गेलेलं असतं. प्रत्येक बदलानंतर टायमिंग लाइट लावून ते परत जागेवर आणा, नाहीतर कॅमचा फायदा मोजताय की स्पार्कचा, ते कळणार नाही. कॅम सेन्सर असलेल्या इंजिनात बदल मर्यादेबाहेर गेला तर ईसीयू कॅम आणि क्रँक जुळत नसल्याचा फॉल्ट कोड देतो; मग ट्यूनमध्ये सेन्सरचा ऑफसेट दुरुस्त करावा लागतो. शेवटची सेटिंग ठरली की बेल्ट ताणून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, सेंटरलाइन पुन्हा मोजा आणि ती तारखेसह कॅम कार्डाच्या मागेच लिहून ठेवा. पुढच्या वेळी बेल्ट बदलणारा माणूस पुलीच्या खुणांवर न जाता तो आकडा पाहून काम करेल.